चिंचोक्यांवर शिका पोकर: तीनपत्ती येणाऱ्यांसाठी

आमच्याकडे गुहागर तालुक्यात गणपतीच्या रात्री जागवायच्या त्या पत्त्यांवरच. ओटीवर तीनपत्ती, पडवीत मेंढीकोट, पोरांचं बदाम सात. पोकर मात्र मी बोटीवर शिकलो. इंजिनरूममध्ये ऑइलर होतो. रविवारी संध्याकाळी जेवणं उरकली की आमचा फिलिपिनो बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मेसमध्ये आगकाड्या मोजून वाटायचा आणि डाव मांडायचा. तीन वर्षं काड्यांवर खेळलो, तोवर सगळं छान होतं. मग एका फेरीत डॉलर लावले आणि एका रात्रीत 140 डॉलर घालवले. पानं वाईट नव्हती, हातात दोन एक्के होते. पाचवं पान उघडलं तेव्हा समोरच्याचा रंग झालाय हे दिसत होतं, तरी ते दोन एक्के माझ्याच्यानं टाकवेनात.

म्हणून भाचरांना शिकवताना मी सुरुवातच पानं टाकण्यापासून करतो. आणि पैसे नाहीत, चिंचोके. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदच केले आहेत, कौशल्याचा खेळ म्हणून त्यातून सुटका नाही. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोत टेबलं आहेत, पण ती शिकायची जागा नव्हे. पाच जण जमवा, प्रत्येकाला शंभर चिंचोके द्या, जोकर काढून 52 पानांचा कॅट घ्या. टेक्सास होल्डेम या प्रकाराला एवढंच लागतं.

डाव असा चालतो. वाटणाऱ्यासमोर एक बटण ठेवायचं, शर्टाचंही चालेल. ते दर डावाला डावीकडे सरकतं. बटणाच्या डावीकडचा एक चिंचोका टाकतो, त्याच्या पुढचा दोन. यांना ब्लाइंड म्हणतात, आणि तीनपत्तीवाले इथेच फसतात. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं. इथे ब्लाइंड म्हणजे पानं वाटायच्या आधी टाकायची सक्तीची रक्कम, आपल्या बूटसारखी, फक्त ती दोघांनीच भरायची. पानं सगळ्यांनीच बघायची.

प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात. मग बोली. ज्याला राहायचं त्याने दोन चिंचोके भरायचे, म्हणजे कॉल. वाढवायचं तर रेझ. नको तर फोल्ड, आपलं पॅक. नंतर मधोमध तीन पानं उताणी पडतात, तो फ्लॉप. पुन्हा बोली. चौथं पान टर्न, बोली. पाचवं रिव्हर, शेवटची बोली. कोणी काही लावलेलं नसेल तर चेक म्हणून पुढच्यावर सोडता येतं. शेवटी जे उरतील त्यांनी पानं दाखवायची. आपली दोन आणि मधली पाच, अशा सातांतून सर्वांत चांगली पाच धरायची. साइड शो वगैरे इथे नाही. इस्पिक मोठं की बदाम, असाही प्रश्न नाही. पाचही पानं तोलामोलाची निघाली तर ढीग निम्मा-निम्मा.

आता पानांचा क्रम. हा पाठ करण्यापेक्षा समजून घ्या, कारण तीनपत्तीचा क्रम डोक्यात घट्ट बसलेला असतो. तिथे सीक्वेन्स रंगाच्या वर. पोकरमध्ये रंग सीक्वेन्सच्या वर. माझी भाची यावर हटून बसली होती, तेव्हा तिला वहीत आकडे मांडून दाखवले. तीन पानांचे 22,100 वेगवेगळे हात होतात. त्यात साधा सीक्वेन्स 720 वेळा आणि रंग 1,096 वेळा येतो, म्हणून सीक्वेन्स मोठा. पाच पानांचे हात होतात 25,98,960. त्यात सीक्वेन्स 10,200 आणि रंग फक्त 5,108. दुर्मीळ ते वर, एवढाच नियम. (तीनपत्तीत प्युअर सीक्वेन्स 48 आणि ट्रेल 52, म्हणजे प्युअर सीक्वेन्स जास्त दुर्मीळ, तरी आपण ट्रेलला वर बसवतो. हे मला बोटीवर उमगलं आणि दोन दिवस मी त्याचाच विचार करत होतो.) तर पोकरचा क्रम वरून खाली: एकाच रंगाचा सीक्वेन्स, चार एकसारखी पानं, तिकडी आणि जोडी मिळून फुल हाउस, रंग, सीक्वेन्स, तिकडी, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर मोठं पान.

पहिल्या महिन्यात कोणती दोन पानं खेळायची? कोणतीही जोडी. एक्क्याबरोबर दश्शी किंवा तिच्यावरचं पान. राजा-राणी, राजा-गुलाम. बाकी सगळं टाका. हिशेब केला तर आठ डावांत एखाद्या वेळीच खेळाल. कंटाळा येईल, येऊ द्या. एक्का-तिर्री का नाही, असं प्रत्येक जण विचारतो. मधे एक्का पडला आणि समोरच्याकडे एक्का-राणी असेल, तर जोडी दोघांचीही एक्क्याचीच, पण निकाल एक्क्यासोबतच्या दुसऱ्या पानावर लागतो आणि राणीपुढे तिर्री हरते. एक्का दिसतो म्हणून माणूस सोडत नाही आणि ढीगभर चिंचोके जातात. छोट्या जोड्या खेळा, पण स्वस्तात. दुर्रीच्या जोडीची फ्लॉपवर तिकडी व्हायला आठ-नऊ वेळांतून एकदा योग येतो. नाही आली आणि समोरच्याने लावलं, तर सोडा.

बटणाची जागा सर्वांत चांगली, कारण फ्लॉपनंतर दर फेरीत तुम्ही शेवटी बोलता. मेंढीकोटात चौथ्या हाताला बसलेल्याला तिघांची पानं बघून पान टाकता येतं, तसंच हे. म्हणून बटणावर असताना हात थोडा सैल सोडा, ब्लाइंडच्या लगेच पुढे बसलात तर आवळा.

आता एक डाव नीट खेळून बघू. तुम्ही बटणावर, हातात बदाम राजा आणि बदाम गुलाम. तुमच्या आधीच्या दोघांनी टाकली. तुम्ही सहा लावले. एकवाला गेला, दोनवाल्याने चार भरून कॉल केला. ढिगात 13. फ्लॉप पडला: बदाम नव्वी, बदाम तिर्री, किलवर पंजी. त्याने आठ लावले, तुम्ही भरले, ढीग 29. टर्नला चौकट सत्ती. तुम्हाला एकच बदाम हवा आहे. न दिसलेली पानं 46, त्यातले बदाम 9. म्हणजे साधारण पाचांतून एकदा येणार.

त्याने दहा लावले तर ढीग झाला 39. पाच वेळा हाच डाव खेळलात तर चार वेळा दहा-दहा जातील, म्हणजे 40, आणि एकदा 39 मिळतील. जवळपास बरोबरी. बदाम आल्यावर तो आणखी थोडे देईलच, म्हणून भरा. पण त्याने 29 लावले तर? चार वेळांचे 116 जाणार आणि एकदाचे 58 येणार. टाका. पानं तीच, आशा तीच, फक्त मागितलेली किंमत बदलली. हा हिशेब मी भाचरांकडून खरोखरचे चिंचोके मांडून, चार ढीग इकडे आणि एक तिकडे असा करून घेतो. एकदा डोळ्यांनी बघितलं की टक्केवारी पाठ करावी लागत नाही.

झूठ, म्हणजे ब्लफ, पहिल्या महिन्यात नकोच. घरच्या डावात कोणी पानं टाकतच नाही, मग झूठ मारून घाबरवणार कोणाला? चांगलं पान आलं की लावा, आणि नीट लावा, ढिगाच्या निम्मे तरी.

ज्याचे चिंचोके संपतील त्याला नवे देऊ नका. आमच्याकडे तो त्या रात्रीपुरता पिसायला आणि वाटायला बसतो. मागच्या गणपतीत भाची साडेदहालाच रिकामी झाली. रुसली, पण वाटत बसली. हातात पानं नसली की नजर माणसांवर जाते. पहाटे आरतीच्या तयारीला उठताना तिने हळूच मला सांगितलं, धाकट्या मामाकडे जोडी आली की तो चहाचा कप आधी बाजूला सरकवतो. दुसऱ्या रात्री त्याने कप सरकवला आणि हिने राजा-राणी टाकून दिली.