टीनाखाली बसून कोड वाचाचा असन तर रंग असे नीट करा

राजेहो, पयले एक सांगतो, कोड एडिटरसाठी नवीन थीम (रंगाचा तयार संच) शोधत बसू नका. मी लय दिवस तेच केलं, दर आठवड्याले नवी डार्क थीम टाकाची, रात्री एकदम झकास दिसे, आन मे महिन्यात दुपारी दार उघडं ठेवून बसलो (लाइन गेली, कूलर बंद, दार लावून कोण बसते) की स्क्रीनचा आरसा होये, कोडपेक्षा माझंच तोंड जास्त दिसे. थीम खराब नव्हती, त्यातले दोनच रंग मेलेले होते.

एक म्हणजे कमेंट, कोडमध्ये माणसासाठी लिहिलेली टीप. थीमवाले तिले मुद्दाम फिक्कट ठेवतात, पण आपण लोकाचा कोड वाचून शिकतो, आपल्याले तर कमेंटच वाचाची असते ना! सोलराइज्ड डार्क घ्या, चांगली नावाजलेली थीम, त्यात साध्या अक्षराचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आन मागचा रंग यातला उजेडाचा फरक, जेवढा जास्त तेवढं स्पष्ट) ४.७ च्या वर आहे पण कमेंटचा २.८ च्या आसपास. वेबसाइट सगळ्यायले वाचता यावी म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नियमावलीचा नियम कमीत कमी ४.५ चा आहे, तोच इथं धरून चाला. अक्षराचा आन मागचा, अशा दोन रंगाचे कोड कोणत्याही कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये टाका, आकडा येते. कमी आला तर व्हीएस कोड या एडिटरच्या सेटिंगमध्ये 'टोकन कलर कस्टमायझेशन्स' शोधा, तिथं फक्त कमेंटचा रंग उजळ करा, बाकी थीमले हात लावू नका.

दुसरा रंग टर्मिनलचा (कमांड टाइप कराची खिडकी) निळा. काळ्यावर शुद्ध निळा म्हणजे २.४, आन लिनक्समध्ये फोल्डरची नावं निळ्यातच येतात, म्हणजे जे शोधाचं तेच दिसत नाही 😅 टर्मिनलच्या कलर स्कीममध्ये जाऊन निळा थोडा आकाशी करा, झालं. व्हीएस कोडच्या आतल्या टर्मिनलले 'मिनिमम कॉन्ट्रास्ट रेशो' अशी सेटिंग आहे, ती ४.५ वर असतेच, उजेड जास्त असन तर ७ करा. पण ते फक्त टर्मिनलपुरतं, एडिटरमधली कमेंट त्यानं सुधरत नाही, मी तिथंच फसलो होतो.

बारीक फॉन्टही जरा जाड घ्या.

आन चेक कराचं ते भर दुपारी, दाराजवळ बसून, बॅटरी वाचवाले ब्राइटनेस जेवढा ठेवता तेवढाच ठेवून. तरी दिसत नसन तर हट्ट सोडा, दिवसा लाइट थीम लावा, कंट्रोल के मग कंट्रोल टी दाबलं की थीमची यादी उघडते, अंधार पडला की परत डार्क.