नाझी वंशवादाखालचा धर्मविचार कसा ओळखावा

नाझी वंशवादाचे मूळ लेखन वाचताना त्यातील जीवशास्त्राची परिभाषा क्षणभर बाजूला ठेवावी आणि आधी कथा शोधावी: मूळची शुद्ध अवस्था कोणती, ती कशामुळे भ्रष्ट झाली, दोषी कोणाला ठरवले आहे, हे रहस्य कोणाला उमगले आहे आणि उद्धार कशाने होणार आहे. ही उत्तरे टिपून घेतली, की शास्त्र म्हणून पुढे केलेल्या मजकुरातली धर्मकथा उघडी पडते.

सरावाला लांट्स फॉन लीबेनफेल्स घ्यावा. ऑस्ट्रियातील हायलिगेनक्रॉइत्स मठातून १८९९ मध्ये बाहेर पडलेल्या या संन्याशाने १९०५ च्या ग्रंथात आदिपापाचा, म्हणजे बायबलमधील माणसाच्या पहिल्या पापाचा, अर्थ असा लावला, की देवतुल्य आर्यांनी पशुसमान जमातींशी केलेला संकर हेच ते पाप. त्यामुळे मोक्षाचा मार्गही ठरूनच गेला: निवडक विवाहांतून रक्त शुद्ध करणे. पुढे १९३० मध्ये नाझी विचारप्रणालीकार आल्फ्रेड रोझेनबर्गने नॉर्डिक रक्त हे जुन्या संस्कारविधींची जागा घेणारे गूढ असल्याचे लिहिले.

यानंतर नॉस्टिक विचाराशी, म्हणजे गूढ ज्ञानातून मुक्ती मानणाऱ्या प्राचीन पंथांच्या विचाराशी, तुलना करावी, पण ती फार जपून. जग अंधाराच्या सत्तेखाली आहे, थोड्या निवडकांनाच सत्य कळते आणि त्या ज्ञानानेच सुटका होते, ही धाटणी दोन्हीकडे आढळते, आणि १९३८ मध्ये व्हिएन्नाहून पळून जावे लागलेल्या राजकीय तत्त्वचिंतक एरिक फोगेलिन यांनी पुढे आधुनिक राजकीय पंथांना नॉस्टिक म्हटले ते याच आधारावर. मला हे नाव फार सैल वाटते. बहुतेक प्राचीन नॉस्टिकांना देह हा तुरुंग वाटे, तर नाझींनी देहालाच, रक्तालाच पवित्र केले. हा भेद लहान नाही. म्हणून विचारांचे साम्य आणि प्रत्यक्ष वारसा यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. लीबेनफेल्ससारख्यांच्या गूढ मंडळांनाच सगळे श्रेय देण्याचा मोहही टाळावा, कारण आपली चळवळ म्हणजे उपासनापंथ नव्हे, असे खुद्द हिटलरने सप्टेंबर १९३८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे बजावले होते.

वारशाचा पुरावा गुप्त मंडळांपेक्षा चर्चमध्ये आणि सरकारी कागदांत अधिक सापडतो. १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या श्पोर्टपालास्टमध्ये प्रोटेस्टंट चर्चमधील नाझीसमर्थक ‘जर्मन ख्रिश्चन’ गटाचा नेता राइनहोल्ड क्राउझे याने बायबलमधला, ज्यू परंपरेतून आलेला जुना करार टाकून देण्याची मागणी जाहीर सभेत केली. दुसऱ्या शतकात मार्सियन या ख्रिस्ती धर्मविचारकानेही तो नाकारला होता. आणि न्यूरेंबर्ग कायद्यांखालचा, म्हणजे नाझींच्या ज्यूविरोधी वंशकायद्यांखालचा, १४ नोव्हेंबर १९३५ चा नियम तर शब्दन् शब्द वाचावा. आजी-आजोबांपैकी जो कोणी ज्यू धर्मसमुदायाचा सदस्य असेल, तो वंशानेही ज्यू धरावा, असे त्यात आहे. रक्त तपासण्याचे साधन कोणाकडेच नव्हते, म्हणून वंश सिद्ध करण्यासाठी लोक चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांचे उतारे मिळवत फिरत होते.