पॉवर स्टिअरिंग आवाज करतंय? पंप बदलायच्या आधी या चुका टाळा

माझी २००५ ची डिझेल गाडी सकाळी पार्किंगमधून वळवताना अशी हंबरायची की वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीत यायचे बघायला. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, पंप गेला. मीही मान डोलावली, रिकंडिशन पंप बसवला आणि चौथ्या दिवशी परत तेच घुंऽऽ. शेवटी निघालं काय, तर स्टिअरिंग तेलाच्या बाटलीतून पंपाकडे जाणारा रबरी पाईप कडक झालेला आणि त्याचा क्लॅम्प ढिला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

(हे सगळं तेलावर चालणाऱ्या स्टिअरिंगचं. इलेक्ट्रिक असेल तर बाटलीच नसते, शोधत बसू नका.)

तर आधी आवाज कधी येतो ते नीट ऐका. थंड इंजिन चालू केल्यावर किंवा झटकन वळवताना कुंईई आलं की बेल्ट बघा, ढिला असेल, नाहीतर त्यावर तेल उडालं असेल. खड्ड्यात खट् वाजलं तर तेलाचा काही संबंध नाही, टाय रॉड एंड नि लिंक रॉड (चाकांजवळचे सांधे नि दांडे) हलवून बघा. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर हलकं सूंऽ येतं ते जास्तीचा दाब सोडणाऱ्या प्रेशर व्हॉल्व्हचं, ते चालतं, फक्त तिथे ५ सेकंदांच्या वर धरून ठेवू नका, तेल तापतं आणि पंपावर ताण येतो.

आणि वळवताना घुंऽऽ येऊन रेस दिल्यावर वाढत असेल तर बहुतेक वेळा तेल कमी किंवा आत हवा. इथे लोक नुसतं तेल टाकत राहतात. अहो, हे तेल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, कमी होतंय म्हणजे कुठेतरी गळतंयच, रॅकची (चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याची) रबरी बुटं दाबून बघा, आत तेल साचलेलं असतं कधीकधी. पण माझ्या गाडीखाली एक थेंब नव्हता, कारण पंपाच्या ओढीच्या, म्हणजे बाटलीकडच्या बाजूचा पाईप तेल बाहेर न सोडताही हवा आत घेऊ शकतो. इंजिन चालू ठेवून बाटलीत बघा, लाल तेल दुधात रोझ सिरप घातल्यासारखं फेसाळलंय? मग हवाच.

पाईप-क्लॅम्प बदलल्यावर हवा काढायची. पुढची चाकं जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत १५-२० वेळा सावकाश फिरवा, लेव्हल बघत तेल भरा, बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू. घाई केलीत की परत पहिल्यापासून.

घरात पडलेलं ब्रेक ऑइल तर चुकूनही टाकू नका, आतले सील फुगून वाट लागते. बऱ्याच जुन्या गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, काहींना कंपनीचंच लागतं, झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं ते वाचा.

एवढं करूनही आवाज राहिला तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या बॉडीला आणि मूठ कानाला लावून ऐका (बेल्ट आणि फॅनपासून हात, बाह्या लांब), मग तसंच अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि टेन्शनरवर (बेल्ट ताणून धरणारी पुली), कारण त्यांची बेअरिंगही अगदी असंच ओरडतात. पंपच निघाला आणि तेलात धातूच्या चुऱ्याची चमचम दिसली तर जुनं तेल पूर्ण फ्लश करा, बाटलीही बदला, कारण बऱ्याच बाटल्यांच्या आत जाळी असते आणि त्यात अडकलेला चुरा नवीन पंपाला खातो.