शिस्टोसोमियासिसमध्ये यकृताचा कडकपणा मोजाल, तर प्लीहेचाही मोजा

शिस्टोसोमियासिस हा रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमींचा आजार. त्यात यकृत किती कडक झालंय हे फायब्रोस्कॅनने, म्हणजे प्रोबमधून हलका कंप सोडून, मोजतात. त्यासाठी रुग्ण किमान 3 तास उपाशी हवा. ‘एकच बिस्किट खाल्लं’ हेही खाणंच! उताणं झोपवून उजवा हात डोक्यामागे घ्यायला लावा. बरगड्यांमधल्या फटीत प्रोब त्वचेला काटकोनात टेकवा, 10 योग्य मोजमापं घ्या.

खरी गोष्ट पुढे आहे. या आजारात व्रणाचे कडक तंतू साठतात ते पोर्टल शिरेच्या, म्हणजे आतड्यांकडून आणि प्लीहेकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या, फांद्यांभोवती. यकृताचा बाकीचा गर बराचसा मऊच राहतो. त्यामुळे यकृताचा आकडा साधा आला तरी मी निर्धास्त होत नाही. डावा हात वर घ्यायला लावते, सोनोग्राफीत प्लीहा सर्वांत जाड दिसेल तिथे पेनाने फुली मारते आणि 100 हर्ट्झच्या कंपावर मोजते. यकृताला 50 असतं. यकृत मऊ पण प्लीहा कडक निघाली, तर पोर्टल शिरेतला दाब वाढल्याची शंका येते; मग अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एन्डोस्कोपीची चिठ्ठी लिहायला घेते.