मोबाइल नंबर न देता घरच्यांशी कसं बोलावं: डेल्टा चॅट सुरू करताना

व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज एन्क्रिप्टेड असतात, हे खरं आहे. पण मजकूर झाकला तरी त्याभोवतीची माहिती उघडीच राहते: कोण कोणाशी बोलतं, किती वाजता, किती वेळा, कोणत्या ग्रुपमध्ये आहे. हे सगळं एकाच कंपनीच्या सर्व्हरवरून जातं आणि तुमच्या मोबाइल नंबरला चिकटलेलं असतं. आपल्याकडे केवायसीशिवाय सिम मिळत नाही, त्यामुळे नंबर कळला की माणूस कळला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग अ‍ॅप्स फोनमधल्या चालू सिमला बांधून ठेवण्याचा आदेश काढला. त्याच सुमारास प्रत्येक नव्या फोनमध्ये सरकारचं संचार साथी अ‍ॅप आधीच टाकून देण्याची सक्तीही आली होती. लोकांनी आवाज उठवल्यावर ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला होता. तो हक्क घरातल्या घरात बजावायचा एक सोपा रस्ता आहे.

तो रस्ता म्हणजे विकेंद्रित, म्हणजे एकाच कंपनीच्या हातात नसलेली साधनं. ईमेल हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. जीमेलवरून याहूवर मेल जातो, कारण ईमेल कोणा एकाच्या मालकीचा नाही. १९९९ पासूनचं एक्सएमपीपी आणि २०१४ मध्ये सुरू झालेलं मॅट्रिक्स या मेसेजिंगच्या खुल्या पद्धती याच तत्त्वावर चालतात. याचा फायदा मे २०२३ मध्ये दिसला. केंद्र सरकारने तेव्हा जम्मू-काश्मीरमधल्या सुरक्षेचं कारण देऊन चौदा अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात ब्रायर आणि एलिमेंट होती. पण एलिमेंट हे मॅट्रिक्सच्या अनेक अ‍ॅप्सपैकी एक. मॅट्रिक्सचं तेच खातं फ्लफीचॅटसारख्या दुसऱ्या अ‍ॅपमध्येही उघडतं. सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपचं एन्क्रिप्शन उत्तम आहे, पण नोंदणीला नंबर लागतो आणि सगळा कारभार एकाच संस्थेच्या सर्व्हरवर चालतो.

घरच्या वापरासाठी मी डेल्टा चॅट सुचवेन. ते ईमेलच्याच यंत्रणेवर चालतं, दिसतं मात्र नेहमीच्या चॅटसारखं.

आधी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप बंदिस्त करा

व्हॉट्सअ‍ॅप एका दिवसात सुटणार नाही, आणि सोडायची घाईही नको. पण सेटिंग्जमध्ये चॅट्स, त्यात चॅट बॅकअप इथे जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू आहे का ते बघा. ही सोय २०२१ पासून आहे, पण बहुतेकांनी ती चालू केलेली नसते. मग मेसेज वाटेत सुरक्षित राहतो आणि त्याची प्रत गूगल ड्राइव्हवर या कुलपाविना पडून राहते.

अ‍ॅप टाका, नाव लिहा

डेल्टा चॅट प्ले स्टोअर, अ‍ॅप स्टोअर आणि एफ-ड्रॉइडवर (मुक्त सॉफ्टवेअरचं अ‍ॅप-दुकान) फुकट मिळतं, कॉम्प्युटरसाठीही आहे. उघडल्यावर नवीन प्रोफाइल निवडा आणि नाव लिहा. टोपणनावही चालतं. नंबर नको, ईमेल नको, ओटीपी नाही. अ‍ॅप स्वतःच एका चॅटमेल सर्व्हरवर (अशा चॅटसाठीच चालवलेल्या ईमेल सर्व्हरवर) तुमच्यासाठी पत्ता उघडतं. फोनमधल्या कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागितली तर खुशाल नाकारा, काही अडत नाही.

समोरासमोर क्यूआर कोड स्कॅन करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे घाई करू नका. आईच्या फोनवर तिचा क्यूआर कोड उघडा, तुमच्या फोनने स्कॅन करा आणि दोन्ही फोन इंटरनेटवर असताना क्षणभर थांबा. तेवढ्यात दोन्ही फोन एकमेकांच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या घेतात आणि मध्ये तिसरं कोणी नाही याची खात्री करतात. यानंतरचे मेसेज सर्व्हर चालवणाऱ्यालाही वाचता येत नाहीत.

मुलगी न्यू जर्सीला आणि तुम्ही नाशकात असाल तर व्हिडिओ कॉलवर कोड कॅमेऱ्यासमोर धरा, स्कॅन होतो. आमंत्रणाची लिंकही पाठवता येते, पण ती ज्या मार्गाने पाठवाल तो मार्ग तेवढा भरवशाचा हवा. कोडचा फोटो मोठ्या ग्रुपवर टाकू नका.

बॅकअप आजच घ्या

इथे ‘पासवर्ड विसरलात का?’ हे बटण नाही. फोन हरवला की खातं आणि जुने मेसेज गेले, ते परत देणारं कोणी नाही. म्हणून सेटिंग्जमधून बॅकअप काढा. ही फाइल कुलूपबंद नसते, तेव्हा ड्राइव्हवर चढवू नका. पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवा. त्याहून सोपं म्हणजे दुसरं डिव्हाइस जोडणं: दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर ठेवून कोड स्कॅन केला की तेच खातं लॅपटॉपवरही चालू होतं.

कामाचा ग्रुप काढा

‘सगळे इकडे या’ म्हटल्याने कोणी येत नाही. घरातल्या तिघा-चौघांचा ग्रुप काढा आणि ठरवा की आधार-पॅनचे फोटो, दवाखान्याचे रिपोर्ट, बँकेचे कागद फक्त इथेच पाठवायचे. काकांना ‘प्रायव्हसी’वर भाषण देण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून पहिला फोटो पाठवून दाखवा. अशा ग्रुपमध्ये मेसेज ठरावीक काळाने आपोआप पुसले जाण्याची सोय चालू ठेवा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद करा.

मर्यादा

फोनच ताब्यात गेला तर कुठलंही अ‍ॅप वाचवत नाही. पेगाससने १,४०० च्या आसपास लोकांना लक्ष्य केल्याचं व्हॉट्सअ‍ॅपने २०१९ मध्ये जाहीर केलं, त्यात भारतातले पत्रकार, वकील आणि कार्यकर्ते होते. असं हेरगिरीचं सॉफ्टवेअर मेसेज फोनच्या आतच वाचतं. फोन अपडेट ठेवणं, अनोळखी लिंक न उघडणं आणि आयफोनवर धोका असेल तर लॉकडाउन मोड (हल्ल्याच्या वाटा कमी करणारी सेटिंग) लावणं, एवढंच आपल्या हातात आहे.

डेल्टा चॅटचा सर्व्हरही तुमचा आयपी पत्ता आणि मेसेजची वेळ पाहू शकतो. फक्त त्याला तुमचा नंबर माहीत नसतो आणि सगळ्यांची नोंद एका जागी साठत नाही. किल्ली कोणाच्या हाती लागली तर वाटेत पकडून ठेवलेले जुने मेसेजही उघडू शकतात. सिग्नलमध्ये किल्ल्या सतत बदलत असल्याने हा धोका कमी आहे. त्यामुळे गुप्त स्रोताशी बोलणाऱ्या पत्रकाराला मी आजही सिग्नलच सांगेन, नंबर लपवून आणि युजरनेम वापरून.

एखाद्या संस्थेला किंवा संघटनेला स्वतःचा सर्व्हर हवा असेल तर एक्सएमपीपीकडे वळावं. अँड्रॉइडवर कन्व्हर्सेशन्स, आयफोनवर मोनाल ही अ‍ॅप्स आहेत, आणि प्रोसडी हे सर्व्हर सॉफ्टवेअर भाड्याच्या अगदी छोट्या सर्व्हरवरही चालतं. मात्र आधी एक माणूस नेमा, जो ते अपडेट करत राहील आणि बॅकअप घेईल. तसा माणूस नसेल तर दुसऱ्या कोणाच्या नीट सांभाळलेल्या सर्व्हरवर खाती उघडणंच बरं.