नव्या वर्षाची फाइल काढण्याआधी मॅक्रोची बटणं तपासा

एप्रिल लागला की अकाउंट्सवाल्यांचं ठरलेलं काम असतं: गेल्या वर्षीची एक्सेल फाइल उघडायची, आकडे पुसायचे, नव्या नावाने सेव्ह करायची. फाइलीत मॅक्रोची, म्हणजे एक्सेलमधलं ठरावीक काम आपोआप करणाऱ्या कोडची, बटणं असतील तर आधी त्यांच्याकडे बघा. बटणात मॅक्रो नसतो, मॅक्रोचा पत्ता असतो. फाइल बदलली तरी पत्ता जुनाच राहू शकतो.

सेव्ह करताना एक्सएलएसएम हाच प्रकार निवडा. एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो टिकत नाहीत. अख्खी फाइल 'सेव्ह ॲज' केली तर शीटवरची बटणं सहसा नीट येतात. घोळ होतो तो एकच शीट नव्या वर्कबुकात कॉपी केल्यावर. शीटवरची बटणं दोन प्रकारची असतात: फॉर्म कंट्रोलची आणि ॲक्टिव्हएक्सची. फॉर्म कंट्रोलचं बटण दिसायला तिथे येतं, पण चालवतं जुन्या फाइलीतला मॅक्रो. म्हणून अशा प्रत्येक बटणावर राइट क्लिक करून 'असाइन मॅक्रो' उघडा. तिथे मॅक्रोच्या नावात उद्गारचिन्हाच्या आधी गेल्या वर्षीच्या फाइलीचं नाव दिसलं, तर मॅक्रो असलेलं मोड्यूल (कोड ठेवायचं पान) नव्या फाइलीत आणून बटण पुन्हा जोडा. ॲक्टिव्हएक्सच्या बटणाचा कोड शीटच्याच मोड्यूलमध्ये असल्याने तो शीटबरोबर येतो.

यानंतर क्विक ॲक्सेस टूलबार, म्हणजे एक्सेलच्या खिडकीतली छोट्या बटणांची पट्टी. तिथलं बटण 'सर्व डॉक्युमेंट्ससाठी' ठेवलेलं असेल तर ते कुठल्याही फाइलीत दिसतं आणि दाबलं की मॅक्रो असलेली जुनी फाइल उघडतं. एकाच फाइलीचं काम असेल तर बटण त्या वर्कबुकापुरतंच ठेवा. रोज सगळीकडे लागणारे मॅक्रो पर्सनल डॉट एक्सएलएसबीमध्ये हलवा. ती फाइल एक्सेलबरोबर आपोआप, लपलेली उघडते. मात्र ती तुमच्याच संगणकावर असते, सहकाऱ्याला फाइल पाठवली म्हणून ती सोबत जात नाही.

कोडमध्ये 'धिसवर्कबुक' आणि 'ॲक्टिव्हवर्कबुक' कुठे आहेत ते जरूर शोधा. पहिला शब्द म्हणजे मॅक्रो ज्या फाइलीत आहे ती, दुसरा म्हणजे समोर उघडी असलेली. जुन्या पत्त्याच्या बटणामागे 'धिसवर्कबुक' असेल तर नव्या शीटवर दाबलेलं बटण गेल्या वर्षीचे आकडे पुसेल, आणि मॅक्रोने केलेलं कंट्रोल-झेडने परत येत नाही. मला यातली सगळ्यात मोठी भीती हीच वाटते, म्हणून जुन्या फाइलीची एक प्रत आधीच वेगळी काढून ठेवा.

मॅक्रोला दिलेले कंट्रोल आणि अक्षराचे शॉर्टकट मॅक्रोची फाइल उघडी असेपर्यंत बाकीच्या फाइलींतही चालतात. कंट्रोल-सीला मॅक्रो जोडला तर कॉपीच बंद पडेल. शिफ्टसह अक्षर घ्या, आणि जुन्या-नव्या फाइलीत तोच शॉर्टकट ठेवू नका.

फाइल मेलने जाणार असेल तर घेणाऱ्याला आधी सांगा: २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो एक्सेल मुळातच अडवतं. पाठवणारा ओळखीचा असेल तरच फाइलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' करायचं.

शेवटी जुनी फाइल बंद करा, तात्पुरती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा आणि नव्या फाइलीतलं एकेक बटण दाबा. मॅक्रो चालवता येत नाही असा निरोप ज्या बटणावर येईल, ते अजून जुन्या पत्त्यावर आहे.