पोरगी म्हणते "मी जाडी आहे", तेव्हा काय करायचं?

लगेच "छे गं, कुठे जाडी, किती गोड दिसतेस" म्हणून विषय उडवू नका. शाळेत कोणीतरी काहीतरी बोललेलं असतं नाहीतर रील्स बघून डोक्यात बसलेलं असतं, तर कोण म्हणालं, कधीपासून वाटतंय एवढंच विचारा आणि गप्प ऐका (आपल्याला हेच जड जातं).

मग आकडा बघा, पण मोठ्यांच्या बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) कॅल्क्युलेटरवर अजिबात नको. ११ वर्षांची मुलगी, उंची १४५ सेंमी, वजन ३६ किलो, बीएमआय येतो १७, म्हणजे मोठ्यांच्या हिशोबात १८.५ च्या खाली, अंडरवेट! वयाच्या मानाने मात्र एकदम नॉर्मल, आणि ही बाई स्वतःला जाडी समजते. उलट ८ वर्षांचा मुलगा, १३० सेंमी, तेवढाच ३६ किलो, बीएमआय २१, कॅल्क्युलेटर म्हणणार नॉर्मल, आजी म्हणणार खात्यापित्या घरचा, त्यालाही काही वाटत नाही, पण ८ वर्षांना हे खूपच जास्त आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे ग्रोथ चार्ट आहेत, ५ ते १८ वयाचे, मुलामुलींचे वेगळे, ते पेडियाट्रिशियनकडून भरून घ्या आणि एका आकड्यापेक्षा दोनतीन वर्षांत रेघ कुठे चाललीये ते बघा.

पाळी यायच्या आसपास मुलींच्या मांड्या, कंबर भरतातच, वाढच ती, हे तिला आधीच सांगून ठेवा. मुलांची उंची साधारण दोन वर्षं उशिरा सुटते त्यामुळे सातवीच्या वर्गात मुली थोराड दिसतात नि मुलगे किडकिडीत, मग तो बिचारा चोरून प्रोटीन पावडर शोधत बसतो, त्याच्याशीही बोला.

घरात ढोल्या, काडी पैलवान वगैरे नावं बंद, लाडातसुद्धा. लग्नात मावशी सुरू झाली की मुलीसमोरच म्हणा, "मावशी, वजनाचं राहू दे, तिच्या कथ्थकचं विचार ना." एखाद्या मुलाचं वजन खरंच जास्त असेल तर त्याच्या एकट्याच्या ताटातला भात काढू नका, फरसाण आणि कोल्ड्रिंक सगळ्यांसाठीच आणणं कमी करा.

डबा रोज तसाच परत येतोय, जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये कडी लावून बसते, पाळी थांबली, वजन झपाट्याने उतरलं, यातलं काहीही दिसलं तर परीक्षा होऊ दे म्हणत थांबू नका, डॉक्टरकडे न्या. नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ नंबर फ्री आहे, मराठीतही बोलतात.